गोरोबाकाकांची माती आणि आपल्या दिंडीचे डेरे



आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे. मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, दिंडीचा जुना इतिहास तुम्ही लिहा. आम्ही म्हटलं, आमचं शिक्षण चौथी, आम्हाला उभं राहून बोलायला सांगा, बसून लिहायला सांगू नका. मंडळी ऐकेनात. मग देवळातल्या लाकडी पेटीतल्या हिशेबाच्या जुन्या वह्या घरी आणल्या. पहिल्या दोन वह्या मोडीत आहेत, त्या एका जाणत्या गुरुजींकडून वाचून घेतल्या. जमेच्या बाजूला कुणी किती पायली ज्वारी दिली, कुणी गुळाची ढेप दिली, कुणाची बैलगाडी, कुणाचे रोख रुपये, सगळं नावानिशी आहे. त्या नावांची यादी याच पुस्तकात पुढं छापली आहे. खर्चाच्या बाजूला दिवटीचं तेल, मृदंगाचं पूड मढवणे, भीमेवरच्या नावाड्याचे पैसे. आणि दर साली ज्येष्ठात एक ओळ: कुंभारास नारळ.

पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या साली तेच. अक्षर बदललं, शाई बदलली, मोडीची बाळबोध झाली, तरी ओळ तीच. शंभर वर्षांच्या यादीत ज्या घराने दिंडीला वर्षानुवर्षे पाणी पाजलं त्या घराचं नाव जमेला कुठंच नाही. ते सापडतं ते खर्चाला, तेही नावाशिवाय, नुसतं कुंभार. याला कारणही साधं आहे. जमेला धान्य लिहीत, पैसे लिहीत. मातीचं काय लिहायचं? माती काय कुणी मोजत नाही.

म्हणून दिंडीचा बाकीचा इतिहास दुसरी मंडळी लिहितील, आम्ही कुंभाराचा लिहितो.

पण आपण वारकरी. कुंभार म्हटलं की आपल्याला आधी तेर आठवतं. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

तेर हे तेरणा नदीच्या काठचं गाव, आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं. गोरोबाकाकांचा काळ 1267 ते 1317 असा धरतात. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी, तेव्हा तिथं यात्रा भरते. नदीकाठी काळेश्वराचं देऊळ आणि तिथंच काकांची समाधी. गावात त्यांचं घर दाखवतात. हे आपण सगळे जाणता. पण गोरोबांच्या आधीही ते गाव जुनंच होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत. एका ग्रीक खलाशानं त्या काळी लिहून ठेवलंय की पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं गाव आहे आणि तिथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जातो. त्या जुन्या गावाच्या खुणा पांढरीत सापडत. नांगरताना, घराचा पाया खणताना काही ना काही वर यायचं. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या तिथल्याच गृहस्थांनी त्या वस्तू जन्मभर गोळा केल्या, त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आता तेरला आहे. यात्रेला गेलात तर समाधीचं दर्शन झाल्यावर तिकडं जरूर जा.

आम्ही एकदा आमच्या गावच्या कुंभार आप्पांना घेऊन गेलो होतो. आप्पा म्हणजे ज्यांच्या घराची ती नारळाची ओळ आहे ते. त्या संग्रहालयात मातीचे दिवे आहेत, खेळणी आहेत, पांढऱ्या मातीच्या बायकांच्या मूर्ती आहेत. काय त्यांचा केशसंभार, काय ते दागिने! पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही जोडायच्या, आतून पोकळ. रोमच्या बाजूनं समुद्रमार्गे आलेल्या लांबोड्या रांजणांचे तुकडेही तिथं मिळालेले आहेत. आम्ही मूर्ती बघत होतो. आप्पा मात्र कोपऱ्यातल्या साध्या खापरांपाशी थांबले. एक खापर बाहेरून तांबडं, आतून काळं. आप्पा म्हणाले, "हे पालथं घालून भाजलंय. तोंड खाली. आत धूर कोंडला म्हणून आतून काळं, भाईर वारं लागलं म्हणून तांबडं." तिथला माणूस चकित झाला, म्हणाला, बाबा, तुम्ही कुठं शिकला? आप्पा म्हणाले, "भट्टीवर."

मग त्यांनी दुसऱ्या एका फुटक्या गाडग्याच्या आतल्या रेघा दाखवल्या. चाक फिरताना बोटांच्या उमटतात तशा. बराच वेळ बघत राहिले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "त्याचं चाक आपल्यासारखंच फिरलंय की."

म्हणजे बघा, गोरोबाकाकांच्या आधी हजार-बाराशे वर्षे त्या गावात चाक फिरत होतं.

आता काकांची कथा. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 साली भक्तविजय लिहून पुरा केला, त्यात ती आहे, आणि कीर्तनातून तर घरोघरी पोचलेली आहे. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात देहभान गेलं, रांगतं लेकरू चिखलात आलं, पायाखाली गेलं. पुढं बायकोनं आकांत केला, तिला मारायला धावले, तिनं विठ्ठलाची आण घातली, मला शिवू नका. ती आण पाळली. घराण्याला वंश हवा म्हणून धाकट्या बहिणीशी लग्न लागलं, सासऱ्यानं सांगितलं दोघींना सारखं वागवा, तर काका म्हणाले, मग दोघींना आण सारखीच. झोपेत हात लागला म्हणून हातच तोडून टाकले. हात नसलेला कुंभार! मग देवच विठू कुंभार होऊन घरी राबायला आला, रखुमाई आली, गरुड गाढव झाला. शेवटी पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात हात परत आले, लेकरू परत आलं.

ही कथा आम्ही चाळीस वर्षे सांगतो. लेकराच्या ठिकाणी आलो की बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात. खरं सांगायचं तर आम्हालाही ती जागा ओलांडायला जड जाते. आमच्या मनात एक शंका कायम होती. माणूस कितीही तल्लीन असला तरी पायाखाली लेकरू आलेलं कळणार नाही? ही शंका कीर्तनात काढता येत नाही. आप्पांजवळ काढली. ते चिखलच तुडवत होते.

ते म्हणाले, "महाराज, चिखल तुडवणारा खाली बघत नाही. त्याचं डोळं पायात असतात. जवारीएवढा खडा आला तरी तळव्याला कळतो, तो वेचून काढायचा असतो. नाय काढला तर भट्टीत त्याच जागी मडकं तडकतं. ज्याच्या पायाला खडा कळतो त्याला पोर कळलं न्हाई, तवा तो कुठं गेला असंल ते बघा."

आम्ही गप्प झालो. पोथीत ती कथा आहे, पण कुंभाराच्या तळव्याला काय कळतं ते पोथीत नाही. त्या दिवसापासून आम्ही कथा सांगताना आधी खडा सांगतो, मग लेकरू.

आता थोडं त्या कामाबद्दल, कारण नव्या पोरांनी भट्टी पाहिलेली नाही.

मडक्याला कसलीही माती चालत नाही. आपली काळी माती एकटी वापरली तर वाळताना आकसते आणि भेगाळते. म्हणून तळ्याचा चिकट गाळ, त्यात थोडी रेताड माती, बारीक चाळलेली राख आणि गाढवाची वाळलेली लीद. ही लीद नुसती घाण म्हणून नाक मुरडू नका. त्यातल्या बारीक काड्या भट्टीत जळून जातात आणि तिथं सुईच्या टोकाएवढी रिकामी जागा राहते. त्या वाटेनं पाणी बाहेर पाझरतं, वारा लागून वाळतं, आणि वाळता वाळता आतलं पाणी गार करतं. माठ गार का, तर तो थोडा गळका म्हणून. आप्पांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही मोठ्यानं हसलो होतो.

माती आणायची गाढवांवर, कुटायची, चाळायची, भिजत घालायची, तुडवायची. यातलं निम्मं काम बायकांचं. चाकाला बायकांनी हात लावायचा नाही असा रिवाज, पण चाकाच्या आधीचं आणि नंतरचं सगळं काकूच करत. कावेचा हात देणं, गारगोटीनं घासून तकाकी आणणं, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणं. आप्पांचं नाव झालं, काकूंचं झालं नाही. ते एक असो.

चाक लाकडी, जड, गाडीच्या चाकाएवढं, खाली खुंटीवर तोललेलं. कडेच्या भोकात काठी घालून गरागरा फिरवायचं आणि काठी बाजूला ठेवून मातीवर हात धरायचे. चाक मंदावायच्या आत घागरीचं तोंड आणि गळा उठला पाहिजे. मग दोऱ्यानं कापून घ्यायचं. पण कापलं तेव्हा त्याला बूड नसतं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. चाकावरून उतरतं ते जाड आणि लहान असतं. सावलीत अर्धवट वाळू द्यायचं. मग आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं थापटत जायचं. थापटता थापटता माती पातळ होते, पोट फुगतं, खालची कडा मिटत मिटत बूड तयार होतं. विताएवढ्याची हातभर घागर होते. बाहेरचा हात मारतो, आतला हात धरतो. आतला हात चुकला की भोक.

भट्टीला गोवऱ्या, पऱ्हाट्या, पाचट. मडकी पालथी रचायची, वर खापऱ्या, गवत आणि राखेचा थर. संध्याकाळी पेटवायची, रात्रभर राखण. सकाळी उघडायची घाई केली तर गार वाऱ्यानं टणाटण तडकतात. पाऊस आला तर सगळं गेलं. म्हणून मृग लागायच्या आत शेवटची भट्टी निघायची.

गावाला काय काय लागे! घागरी, रांजण, परळ, वेळणी, मांड्याचं खापर, दह्याचं गाडगं, धान्याची उतरंड. संक्रांतीला सुगडं, दिवाळीला पणत्या, नवरात्राला घट, पोळ्याला मातीचे बैल. लग्नात चुन्याकावेनं रंगवलेल्या ऐरण्या वाजतगाजत कुंभाराच्या घरून आणायच्या. आणि माणूस गेला की तिरडीपुढचं मडकं. त्याला आप्पा पैसे घेत नसत आणि ते आधी करूनही ठेवत नसत. वापरातलं एखादं देत. बदल्यात सुगीला खळ्यावरून बलुतं मिळायचं, पेंढ्या आणि पायली दोन पायली. पीक बुडालं की बलुतंही बुडायचं, पण मडकी द्यावीच लागायची.

आता थापटण्याकडं परत येऊ. तेरला गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताबाईनं विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, थापटणं, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमची परीक्षा करा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले, सगळे शांत बसले, नामदेवराय तेवढे चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. नामदेवराय रडत पंढरीला गेले, देवानं त्यांना औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडं पाठवलं, आणि गुरू मिळाले. वयानं सगळ्यांत वडील म्हणून ते काका, आणि संतांची परीक्षा घेण्याचा मान एका कुंभाराला. ब्रह्मविद्या शिकलेले तिथं बसले होते, पण थापटणं कुंभाराच्याच हातात होतं.

आम्ही देवळासमोर एकदा ही कथा रंगवून सांगितली. म्हणालो, भाजलेलं मडकं थापटण्यानं खणखण वाजतं, कच्चं बदबदतं. टाळ्या पडल्या. कीर्तन संपल्यावर आप्पांनी पाया पडून बाजूला घेतलं.

"महाराज, राग येऊ देऊ नका. भाजलेल्या मडक्याला थापटणं मारत न्हाईत. मारलं तर फुटतंय. भाजलेलं बोटाच्या पेरानं वाजवायचं. थापटणं असतंय कच्च्यालाच."

आम्ही म्हटलं, "मग काकांनी सगळ्यांनाच कसं मारलं?"

"ते मला ठावं न्हाई. पन कुंभार जवा थापटणं उचलतो तवा तो फोडाया उचलत न्हाई, आन नुसतं बघायाबी उचलत न्हाई. बूड लावाया उचलतो. नामदेवाला बूडच नव्हतं, गुरूच नव्हता न्हवं? काकांनी लावून दिलं."

थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "आन कच्चं म्हंजे वंगाळ न्हाई. कच्चं मोडलं तर पुन्यांदा भिजवता येतं, पुन्यांदा चाकावर जातं. भाजून तडकलेलं असतं ना, त्याचं काय करता येत न्हाई."

चाळीस वर्षांत या कथेवर आम्ही मोठमोठ्या महाराजांची निरूपणं ऐकली. पण बूड लावण्याची गोष्ट आम्हाला दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळाली नाही. आज ती आमच्या नावावर खपते. आमची नाही, आप्पांची आहे. इथं लिहून ठेवतो.

आता दिंडीचे डेरे.

मृगाच्या आधीच्या शेवटच्या भट्टीत दरवर्षी दिंडीचे दोन मोठे डेरे निघायचे. दोन घागरी, मुक्कामाच्या पणत्या, आणि काल्याची एक हंडी. आणि तुळशीचं वृंदावन. हे वृंदावन म्हणजे आप्पांच्या वडलांच्या हातची वस्तू होती. वीतभर उंच, चार बाजूंना चार कोनाडे, एका बाजूला कटीवर हात ठेवलेला विठोबा, खाली गरुड, कडेला शंखचक्र आणि कमळाची वेल. विठोबा साच्याचा नाही, हातानं केलेला, त्यामुळं एक खांदा जरा उतरलेला. जुनी माणसं म्हणत, आपल्या देवाला वाटेनं चालून खांदा दुखतोय. वर्षाआड त्याला काव आणि चुन्याचा हात देत. पहिल्या साली दिंडी निघाली तेव्हा हेच वृंदावन बाईच्या डोक्यावर होतं, असं आमच्या आजोबांनी सांगितलेलं.

बार्शी लाइट रेल्वे 1906 साली पंढरपूरपर्यंत गेली. पैसेवाले गाडीत बसून जात. आपल्या वडीलधाऱ्यांनी पायीच जायचं ठरवलं आणि पायी जायचं म्हणजे पाणी बरोबर हवं. बैलगाडीत कडब्यावर दोन्ही डेरे, त्यांना ओल्या गोणपाटाची कुंची. विहीर दिसली की भरायचे. आप्पा स्वतः वारीला येत, पण टाळकऱ्यांच्या ओळीत कधी उभे राहिले नाहीत. गाडीच्या मागं चालायचे. चाक दगडावरून उडालं की पळत जाऊन डेऱ्याला हात लावून बघायचे. आम्ही एकदा म्हटलं, आप्पा, या की भजनात. तर म्हणाले, "हितं बी ऐकू येतंय."

1972 च्या दुष्काळाची गोष्ट तेव्हाच्या माणसांना सांगायला नको. आम्ही तेरा-चौदा वर्षांचे होतो. शाळा आधीच सुटलेली, आईबापाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. आप्पा आणि काकूही तिथंच आमच्या शेजारच्या ढिगाला. गावात रांजण कोण घेणार, भरायला पाणी नव्हतं. तळं पार आटलं होतं. आप्पा एकदा तळ्याच्या तळाशी उभे राहून बोललेले आठवतं. इतका सुरेख गाळ जन्मात उघडा पडला नव्हता, म्हणाले, आन भिजवायला पाणी न्हाई. आणि तरी 1973 च्या आषाढीला दिंडीचे डेरे तयार होते. माती कशानं भिजवली ते आम्हाला पुढं काकूंनी सांगितलं. कामावर प्यायला पाणी मिळायचं, त्यातलं दोघंही रोज थोडं घरी आणून साठवत होते. वही काढून बघितली. त्या साली खर्च फार कमी आहे. कुंभारास नारळ, ही ओळ आहे.

आता जे लिहायचं ते आमच्याच अंगावर येणारं आहे, पण इतिहास म्हणून लिहायला घेतलं तर गाळता येत नाही.

पुढं दिंडी वाढली, पोरांच्या हाती कारभार आला, त्यात आम्ही पुढं होतो. एका घरानं पितळी वृंदावन दिलं, त्यावर नाव कोरलेलं. मातीचं वृंदावन देवळाच्या मागच्या खोलीत गेलं. 1993 च्या वारीआधी ट्रॅक्टर ठरला आणि प्लॅस्टिकचे दोन निळे पिंप आणले. फुटायची भीती नाही, दोन डेऱ्यांच्या चौपट पाणी. ठराव झाला, यंदापासून डेरे नकोत. आप्पांना कुणी सांगायचं? सगळे आमच्याकडं बघायला लागले, तुमचा घरोबा आहे.

आम्ही गेलो तेव्हा भट्टी निघालेली होती. दोन्ही डेरे दारात पालथे होते, राख पुसायची बाकी. आम्ही सांगितलं. काय काय बोललो ते आठवत नाही, पुष्कळ बोललो एवढं आठवतं. प्रगती, सोय, लोकांची तहान. आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "हंडी लागंल न्हवं?" आम्ही म्हटलं, हंडी तर लागणारच, काला मातीच्याच हंडीचा. त्यांनी हंडी आणून आमच्या हातात दिली. नारळ द्यायचा आम्ही विसरलो. वहीत त्या साली ती ओळ नाही. हे आम्हाला आता वही चाळताना कळलं.

त्या साली आप्पा वारीला आले नाहीत. पिंपातलं पाणी वाटेत ऊन ऊन झालं, पोरं तोंड वाकडं करत प्यायली.

त्याच सालच्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. किल्लारी, सास्तूरच्या बाजूला जे झालं त्याच्यापुढं आपल्या गावचं काहीच नाही, चार भिंती पडल्या, माणूस दगावला नाही. सकाळी आम्ही गावात फिरत फिरत कुंभारवाड्यात गेलो. आप्पांच्या घरातली उतरंड कोसळली होती. दिंडीचा एक डेराही फुटला होता. दुसरा शाबूत. आप्पा खापऱ्या गोळा करत होते. आम्ही खाली बसलो आणि आम्हीही गोळा करायला लागलो. बोलणं काही झालं नाही.

पुढं आप्पांनी चाक बंद केलं. मुलगा वीटभट्टीवर, नंतर पुण्याला गेला. काकू आधी गेल्या, मग आप्पा. आप्पांच्या तिरडीपुढचं मडकं बाजारातून विकत आणावं लागलं.

गाडगेबाबा (1876 ते 1956) जन्मभर हातात मातीचं गाडगं घेऊन हिंडले, त्यावरून त्यांना गाडगेमहाराज नाव पडलं. पंढरीत लोकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली, पण जेवले ते खापरातच. आपल्यात मातीच्या भांड्याला असा मान आहे. आपण पिंप आणले ते काही पाप केलं असं आमचं म्हणणं नाही, हजार माणसाला डेरे कसे पुरणार? पण सांगायला गेलो तेव्हा आम्ही उंबऱ्याच्या बाहेर उभ्यानं सांगितलं, आत जाऊन बसलो नाही. एवढंच.

मागच्या साली स्मरणिकेसाठी देवळाची मागची खोली साफ केली, तेव्हा मातीचं वृंदावन निघालं. एक कोनाडा फुटलेला, विठोबा जसाच्या तसा, खांदा उतरलेला. आप्पांचा नातू गावच्या जत्रेला आला होता, त्याला दाखवलं. तो पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात आहे, चाक त्यानं कधी फिरवलेलं नाही. त्यानं वृंदावन उलटं केलं आणि बुडाकडं बघितलं. बुडावर अंगठ्याचा ठसा आहे, भाजलेला. त्यानं आपला अंगठा त्यावर ठेवून बघितला.

कमिटीला आम्ही सांगितलं आहे. यंदा आषाढीला पितळी वृंदावन पुढं राहू द्या, पण हे मातीचंही गाडीत कडब्यावर ठेवून न्यायचं. त्याच्या मागं आम्ही चालू, वीणा दुसऱ्या कुणी घ्यावी. आणि पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याची हंडी विकत आणली तरी ज्येष्ठात एक नारळ कुंभारवाड्यातल्या त्या बंद दारापुढं ठेवायचा. वहीत तो खर्चाला लिहू नका म्हणून सांगितलंय. यंदाच्या वहीत जमेच्या बाजूला पहिली ओळ आम्ही आमच्या हातानं घातली आहे. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं: कुंभार आप्पा व काकू यांजकडून, डेरे, घागरी, पणत्या, हंड्या, वृंदावन एक.

रकमेचा रकाना कोरा ठेवला आहे.